दोघांचा दाखला

बाबांच्या गाडीचं चाक रुतलं तेव्हा मी मुलाखतीची उत्तरं पाठ करत होतो.

कोंबड्यांच्या फार्ममागं जिथं गाडीवाट घाणीचा ओहोळ ओलांडते, तिथली ही गोष्ट. गाडीवर पाण्यानं भरलेलं लोखंडी पिंप, गाडीला एकच बैल, गाडीमागं हातात कागद घेऊन मी. दोन महिने आभाळातून थेंब पडला नव्हता. जमीन अशी तापली होती की कुत्री चारही पाय एकदम टेकवत नव्हती. आणि नेमका त्या एका जागी चिखल.

“ह्या उन्हात चिखल?” बाबा म्हणाले. “जमिनीचं डोकं फिरलंय.”

“पाणी शुद्ध करण्याचे टप्पे तीन,” मी म्हणालो.

“चौथा मी सांगतो. कागद खिशात घाल आणि चाकाला खांदा दे.”

दिला. चाक निघालं, मी कोपरापर्यंत माखलो आणि दुसरा टप्पा विसरलो.

बाबा सव्वीस वर्षं डोंगराखालच्या विहिरीवरून पाणी आणून गावात घरोघर घालत होते. दिवसाला चार खेपा. प्रत्येक खेपेला पिंप भरायचं म्हणजे रहाटावर साठ बादल्या. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. शिंपी त्यांचा सदरा मापाशिवायच तिरका शिवायचा. आता गावात नळ येत होता. नळ आला की बाबांचं काम संपलं. हे सगळ्यांना कळत होतं, त्यामुळे आजारी माणसाशी बोलावं तसं सगळे बाबांशी अचानक गोड बोलायला लागले होते.

बैलाचं नाव पाहुणा. अकरा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यापुरता आणला होता. परत जायचं नाव त्यानं काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. पण गाडी बंद झाली तर त्याला नुसता उभा ठेवून चारा कोण घालणार? बैलांचा व्यापारी एकदा येऊन त्याचे दात बघून गेला होता. गुरुवारी ट्रक घेऊन येतो म्हणाला होता.

ह्यावर उपाय एकच होता, आणि तो मी होतो. नळाच्या पंपावर माणूस हवा होता. सोमवारी दहा वाजता शहरातल्या पाणी कार्यालयात मुलाखत. नोकरी लागली तर पाहुणा राहणार, नाही लागली तर तो ट्रकमध्ये चढणार. आई हे रोज सकाळी चहाबरोबर सांगायची, म्हणजे मला टेन्शन येऊ नये.

कार्यालयाची माणसं आठवडाभर पंप अधूनमधून चालवून बघत होती. शुक्रवारी दुपारी चौकातल्या नळाला चाचणीचं पाणी सोडलं. नळ आधी खोकला, मग तांबूस थुंकला, मग सरळ आला. बायका म्हणाल्या, आज भांडी घासू, प्यायचं पुढं बघू. आत्या म्हणाली, “शहाणं माणूस पहिल्या दिवशी कुणाच्या घरी जेवत नाही आणि नव्या नळाचं पाणी पीत नाही.” आत्या बाबांची मोठी बहीण. जगातल्या कुठल्याही विषयावर तिचं मत तयार असतं.

पण मी उमेदवार होतो. ज्या पाण्यावर नोकरी मागायची त्याच्यावर विश्वास नको? सगळ्यांदेखत मी तीन पेले प्यायलो. शेवटच्या पेल्यानंतर ‘हाऽऽ’ असा आवाजही काढला, कार्यालयाचं कुणी ऐकत असेल तर ऐकू दे म्हणून. माझं बघून पाहुणा पुढं आला आणि त्यानं नळाखालची अर्धी डोणी रिकामी केली.

रविवारी दुपारी माझ्या पोटात पहिल्यांदा कुणीतरी पिंप उलटं केलं.

संध्याकाळपर्यंत घर ते परसाकडची खोली ही वाट मला डोळे मिटून पाठ झाली. ताप चढला. आई डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवत होती आणि मी तिला पाणी शुद्ध करण्याचे टप्पे सांगत होतो. तापात तिन्ही आठवले.

सोमवारी सकाळी तरीही मी उठलो. शिंप्यानं मुलाखतीपुरती एक पँट दिली होती. दोन वर्षांपूर्वी शिवायला टाकून गिऱ्हाईक फिरकलंच नव्हतं. कडक इस्त्रीची पँट होती. पांढरी.

“पांढरी?” आत्या म्हणाली. “आज?”

“दुसरी आहे का?”

“दुसरी नाही. पण दुसरा दिवस असता तर बरं झालं असतं.”

बस फाट्यावरून सुटायची. घरापासून फाटा वीस मिनिटं. वाटेत तीन झुडपं लागतात. पहिल्या झुडपापाशी मी थांबलो. दुसऱ्यापाशी विचार केला. तिसऱ्यापाशी बस दिसली, धूळ उडवत येणारी. कंडक्टरनं हात केला. मीही हात केला, पण तो ‘जा’ असा होता. बस निघून गेली आणि मी त्या झुडपामागं बसून पाणी कार्यालयाचा, नळाचा आणि त्या शेवटच्या ‘हाऽऽ’चा नीट विचार केला.

परत आलो तेव्हा बाबा पिंप भरायला निघाले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पाहुण्याच्या मानेवर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. तेवढ्यात पाहुण्याचं पोट गुरगुरलं आणि त्यानं अंगणात जे केलं, ते बघून मला पहिल्यांदा कुणीतरी आपलं वाटलं. गाडी उभी राहिली. त्या दिवशी बाबांनी खांद्यावरून घागरी वाहिल्या.

आत्यानं कार्यालयाला फोन लावला. पलीकडं कारकून होता.

“आमचा मुलगा येऊ शकला नाही. आजारी आहे,” ती म्हणाली. “काय झालंय? थांबा, विचारते.” ती माझ्याकडं वळली आणि फोन कानाला तसाच ठेवून पूर्ण आवाजात म्हणाली, “किती वेळा झाली?”

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, “मी मोजल्या तेवढ्या अकरा.”

“अकरा,” आत्यानं फोनमध्ये सांगितलं.

कारकून म्हणाला, लेखी कारण आणि डॉक्टरचा दाखला, दोन्ही बुधवारपर्यंत. मग बघू.

दुपारी खाटेभोवती अर्ज लिहायला सगळे बसले. मी आडवाच होतो म्हणून लिहायला आई.

“‘सप्रेम नमस्कार’ घाल,” बाबा म्हणाले.

“सरकारी कागदात प्रेम कशाला?” आत्या म्हणाली. “आणि जुलाब असं लिहू नकोस. वाचताना माणूस नाक धरतो. घरात कुणीतरी गेलं असं लिही. कुणी गेलं की कुणी काही विचारत नाही.”

“कोण गेलं?” आईनं विचारलं.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

“माझं लिहा,” आत्या म्हणाली. “मला चालेल.”

“तू आत्ताच फोनवर बोललीस त्याच्याशी,” मी म्हणालो.

“मग त्यानंतर गेले.”

“खरं लिही,” बाबा म्हणाले. ते दाराच्या चौकटीला पाठ लावून बसले होते आणि उजवा खांदा डाव्या हातानं चोळत होते. “पाणी प्यायला, पोट बिघडलं, येता आलं नाही. सव्वीस वर्षं पाणी घातलं मी, एका घरातून तक्रार नाही. मुलानं पाण्याचं खोटं सांगायचं नाही.”

आईनं तेवढंच लिहिलं. खाली माझी सही, ती मात्र झुडपासारखी आली.

राहिला दाखला. माणसांचा डॉक्टर शहरात. तिथवर पोचता आलं असतं तर मुलाखतच दिली असती. मंगळवारी गुरांचा डॉक्टर मोटरसायकलवरून पाहुण्याला बघायला आला. पापणी उलटून बघितली, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, नळीनं तोंडात औषध ओतलं. आई म्हणाली, “डॉक्टर, आलाच आहात तर आतला पण एक बघा.”

डॉक्टर आत आला. माझीही पापणी उलटली. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली.

“दोघांचं एकच आहे,” तो म्हणाला. “काय खाल्लं होतं दोघांनी एकत्र?”

“खाल्लं नाही. प्यायलो,” मी म्हणालो. “चौकातल्या नळाचं.”

“मग दाखला द्या की,” आत्या म्हणाली.

“माणसाचा दाखला मला देता येत नाही. बैलाचा येतो.”

“पण बैलाची मुलाखत नव्हती.”

“ते खरं आहे,” डॉक्टर म्हणाला. तो खोटं बोलत नसे, विनोदही करत नसे. त्याची गिऱ्हाइकं दोन्हीला दाद देत नाहीत. त्यानं पिशवीतून छापील फॉर्म काढला, बराच वेळ वाचला आणि म्हणाला, “एक रकाना आहे.”

पाहुण्याचा दाखला त्यानं रीतसर भरला. वय चौदा, रंग पांढरा, शिंगे दोन, डावे किंचित आखूड, दूषित पाण्यामुळे हगवण, सोमवारपासून आठ दिवस कामास अयोग्य. खाली एक ओळ होती : ‘त्याच ठिकाणची इतर बाधित जनावरे’. तिथं त्यानं लिहिलं : ‘एक. मालकाचा मुलगा. वय बावीस, रंग गव्हाळ, शिंगे नाहीत. लक्षणे वरीलप्रमाणे.’ सही केली आणि शिक्का मारला. शिक्क्यात गाईचं डोकं होतं.

“खोटं एक अक्षर नाही,” डॉक्टर म्हणाला, आणि ते खरं होतं.

बुधवारी ताप उतरला. मी बाबांची खाकी पँट घातली, कमरेला सुतळी बांधली आणि बसनं शहरात गेलो. पाणी कार्यालयाच्या बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. कारकून टाचणीनं कान कोरत होता. त्यानं अर्ज बाजूला ठेवला, दाखला हातात घेतला आणि टाचणी कानातच विसरला.

“शिंगे,” त्यानं मोठ्यानं वाचलं, “नाहीत.”

बाकावरची माणसं माझ्या डोक्याकडं बघायला लागली.

“अहो, इकडं या जरा,” त्यानं आतल्या शिपायाला हाक मारली. “कामास अयोग्य! आठ दिवस! गोठ्यातून डायरेक्ट इथं!” बाकावर हशा पिकला. एकजण म्हणाला, “लाथ मारतो का विचारा.”

मी उभा होतो. सुतळी पोटाला काचत होती. परत फिरावं असं वाटत होतं. पण परत म्हणजे गुरुवार, आणि गुरुवार म्हणजे ट्रक.

“लाथ तो मारतो,” मी म्हणालो. “मी फक्त मुलाखतीला आलोय.”

हसणं ऐकून आतल्या खोलीतून इंजिनिअरबाई बाहेर आल्या. चप्पल चिखलानं भरलेली, कानामागं पेन्सिल. त्यांनी कारकुनाच्या हातातून कागद घेतला. मी हसू येण्याची वाट बघत होतो. ते आलं नाही. त्यांनी दाखला दोनदा वाचला.

“दोघं एकापाठोपाठ आजारी पडलात?”

“हो.”

“कोणतं पाणी?”

“तुमचंच. चौकातल्या नळाचं. शुक्रवारचं.”

“आणखी कोण प्यायलं?”

“कुणी नाही. बाकीचे समजूतदार आहेत.”

कारकून म्हणाला, “मॅडम, दाखला जनावराचा आहे.”

“म्हणून तर,” बाई म्हणाल्या. “बैल कधी सुट्टीसाठी खोटं बोलत नाही.” मग माझ्याकडं वळून, “पाणी टाकीत तपासून सोडलं होतं. टाकीत चांगलं होतं. मग टाकीपासून चौकापर्यंत काय झालं? आमची लाईन कुठून आलीय माहीत आहे?”

मला मुलाखतीची उत्तरं पाठ होती. हे त्यात नव्हतं. पण चाक आठवलं. मी अर्जाच्या पाठीवर त्यांच्या पेन्सिलनं काढून दाखवलं : हा डोंगर, ही टाकी, ही गाडीवाट, हा कोंबड्यांचा फार्म, हा घाणीचा ओहोळ. “दोन महिने पाऊस नाही,” मी म्हणालो, “आणि इथं बाबांचं चाक रुततं.”

बाईंनी पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली आणि त्या जागेवर फुली मारली. नोकरीचं काय, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, सोमवारी सातजण येऊन गेले, यादीवर अजून सही झालेली नाही.

गुरुवारी सकाळी अंगणात ट्रक आणि फार्ममागं जीप, दोन्ही एकाच वेळी आले. व्यापारी पाहुण्याच्या मागं जाऊन उभा राहिला. चुकीच्या जागी उभा राहिला. पाहुण्यानं शेपूट उचललं.

“अरेरे, हा तर वाहतोय!” व्यापारी बूट झटकत म्हणाला. “असला गाडीत घातला तर बाकीचे घाण होतील. पुढच्या गुरुवारी येतो. तोवर बरा करा.”

“सावकाश या,” आत्या म्हणाली. “त्याची घाई नाही.”

मी धावत फार्ममागं गेलो. दोन मजूर कुदळी घेऊन उभे होते आणि कुठं खणायचं ह्यावर बाईंशी वाद घालत होते. बाबांनी घागर खाली ठेवली, चार पावलं टाकली आणि टाचेनं जमीन दाबली. टाचेभोवती पाणी आलं.

“इथं.”

गुडघाभर खणल्यावर पाईप लागला. दोन पाईपांच्या सांध्यात रबराची कडी बसवायचीच राहिली होती. पंप चालू असताना पाणी बाहेर झिरपायचं आणि पंप बंद झाला की रिकामा पाईप ओहोळाची घाण आत ओढून घ्यायचा. बाईंनी सांध्याखाली हात घातला आणि काळा करून बाहेर काढला. मजूर पाईपाकडं बघत राहिले.

“मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, इथं काहीतरी बिघडलंय,” बाबा म्हणाले.

“कुणाला म्हटलं होतं?” बाईंनी विचारलं.

“बैलाला.”

कडी आली, पण सांधा जुळेना. मजुरांनी दोनदा ठोकून बघितलं. मग बाबा खड्ड्यात उतरले. चिखलात गुडघे टेकले, आपला खाली आलेला खांदा पाईपाखाली घातला आणि श्वास रोखून उचलला. त्यांच्या मानेची शीर टरारली. सांधा जागेवर बसला. मी वरून बघत होतो. त्यांचं काम कायमचं संपवणारा पाईप ते स्वतःच्या खांद्यावर तोलून धरत होते, आणि मजुरांना सांगत होते, “घट्ट आवळा. परत उकरायला लागू नये.”

बाईही बघत होत्या.

शनिवारी कार्यालयाचं पत्र आलं. आईनं वाचलं, मग आत्यानं, मग पुन्हा आईनं.

‘आपण सादर केलेल्या वैद्यकीय दाखल्यावरून अनुपस्थितीचे कारण मान्य करण्यात येत आहे. तरी दाखल्यात नमूद केलेल्या दोघांनी सोमवारी सकाळी दहा वाजता या कार्यालयात समक्ष हजर राहावे.’

“दोघांनी?” बाबा म्हणाले.

“कारकुनानं आकडा उतरवून घेतला असणार,” मी म्हणालो. “बैल नेऊन कसं चालेल?”

“आणि नाही नेला तर? एकदा गैरहजर राहिलोय आपण. आता कारण काय सांगणार?” बाबा म्हणाले.

बाबांनी रविवारी पाहुण्याला घासून धुतलं, शिंगांना तेल लावलं. मला कुणी तेल लावलं नाही, पण आईनं उकळलेल्या पाण्याची बाटली दिली आणि आत्यानं पांढरी पँट शिंप्याला परत करून तपकिरी आणली.

सोमवारी उजाडताच निघालो. रिकामी गाडी, पुढं बाबा, मागं मी. फार्ममागचा ओहोळ आला. चाक खडखडत कोरड्या जमिनीवरून गेलं. बाबांनी मागं वळून ती जागा बघितली. “वाळली,” एवढंच म्हणाले.

दहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही कार्यालयाच्या आवारात शिरलो. कारकून खिडकीतून बघत राहिला. मी पत्र पुढं केलं.

“दोघं हजर आहेत,” मी म्हणालो.

त्यानं पत्र वाचलं. अक्षर त्याचंच होतं. मग त्यानं हजेरीची वही आणली, माझी सही घेतली आणि पाहुण्याच्या नावापुढं स्वतःच ‘हजर’ लिहिलं.

इंजिनिअरबाई पायऱ्या उतरून आल्या. आधी पाहुण्याभोवती एक फेरी मारली, मग हसल्या. पहिल्यांदाच. इतकं हसल्या की कानामागची पेन्सिल पडली.

“बरं झालं आणलात,” त्या बाबांना म्हणाल्या. “सगळी लाईन सांध्यासांध्यानं उघडून बघायची आहे. पावसाळा निघून जाईल. तोवर गावाला पाणी कोण घालणार? आणि त्या गाडीवाटेवरून कड्या, सिमेंट, माणसं कोण नेणार? आमची जीप तिथं जात नाही. गाडी कार्यालयाकडून भाड्यानं लावू का?”

“आणि त्यानंतर?” बाबांनी विचारलं.

“त्यानंतर लाईनवरून रोज कुणीतरी फिरायला लागणारच. चाक रुततं का बघायला.”

बाबांनी मान डोलावली. उजवा खांदा जरा वर आल्यासारखा वाटला. कदाचित मीच गाडीत तिरका बसलो होतो.

“आणि तुम्ही,” बाई माझ्याकडं वळल्या. “त्या सातजणांना मी विचारलं, गावात पाणी कुठून येतं? सातही म्हणाले, नळातून. तुम्ही सांगा. पंप सुरू करण्याआधी पहिलं काम कोणतं?”

तीन टप्पे तोंडावर आले. ते मी गिळले.

“लाईनवरून चालत जायचं,” मी म्हणालो. “आणि पायाला पाणी लागलं की परत यायचं.”

“आणि पाणी सुटल्यावर?”

“तपासून आल्याशिवाय कुणाला पिऊ द्यायचं नाही. उमेदवाराला तर अजिबात नाही.”

त्यांनी यादी काढली आणि सात नावांच्या खाली आठवं लिहिलं. “तीन महिने शिकाऊ,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून. दाखल्यावरचे आठ दिवस संपले ना?”

“आजच संपतायत.”

शिपायानं पाहुण्यासाठी बादली आणून ठेवली. पाहुण्यानं वाकून हुंगलं, पण तोंड लावलं नाही. मान वर करून माझ्याकडं बघितलं. सगळ्या आवारासमोर, मोठे डोळे करून, बराच वेळ.

“टाकीचं आहे, आज सकाळी तपासलेलं,” बाई म्हणाल्या.

मी खाली उतरलो, ओंजळ भरली आणि प्यायलो. आवाज काढला नाही. मग दोघं थांबलो. बाबा थांबले, कारकून खिडकीत थांबला. माझं पोट गप्प होतं.

तेव्हा कुठं पाहुण्यानं बादलीत तोंड घातलं.